वर हात जोडलेला चार

हरिदास तायड्यांच्या घरात नळ गळायला लागला की प्लंबर येतो. बल्ब गेला की शेजारचे पटेल येऊन बदलून देतात. घराघरांत हे असंच चालतं, त्यात नवल काही नाही. पण विलायतेत वेम्बलीच्या जुन्या मंडळींना हा माणूस वेगळ्या रूपात आठवतो. बॉनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून, आठांतला कुठला सिलिंडर रुसलाय ते सांगणारा हरिदास त्यांनी पाहिलेला आहे. त्याच हातांनी चाळीस वर्षांत घरात एक स्क्रू पिळलेला नाही, हे त्यांना कोडं वाटतं. त्याच्या बायकोला, शैलाबाईंना, वाटत नाही. त्यांना कारण माहीत आहे, पण त्या ते बोलत नाहीत. बोलतात ते एवढंच : "गॅस बंद आहे. मी स्वतः केलाय. आता तिसऱ्यांदा उठून बघायला जाऊ नका."

हरिदास तरी जातो. दार लावलं की दोन जिने उतरून परत वर येतो आणि कडी ओढून बघतो. टपाल खात्याच्या सॉर्टिंग ऑफिसात एकोणतीस वर्षं त्याने पत्रं लावली. प्रत्येक पत्राचा पोस्टकोड तो दोनदा वाचायचा. बरोबरचे लोक हसायचे, पण त्याचं पत्र चुकीच्या खणात गेल्याचं कुणी पाहिलं नाही. आपल्या हातावर आपला भरवसा नसला की माणूस असा डोळ्यांवर भिस्त ठेवून जगतो.

हा भरवसा गेला तो दिवस त्याला तारखेनिशी माहीत होता. पण त्याआधीची गोष्ट सांगायला हवी.

हरिदासचे वडील कामठीला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होते. शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती. चाळिशी उलटल्यावर विहारात प्रौढांचा वर्ग सुरू झाला तेव्हा ते पाटी घेऊन जाऊन बसले. अक्षरं काही पुरती हाताला लागली नाहीत, पण आकडे लागले. पोत्यांवरचे आकडे आता मुकादमाने वाचून दाखवायची गरज उरली नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. हरिदासला आकडे गिरवायला त्यांनीच शिकवलं. "चार कसा काढायचा माहीत आहे का बापा?" ते म्हणायचे. "हा बघ, मांडी घालून बसलेला माणूस. आणि हे वर केलेले दोन हात. जयभीम म्हणताना जोडतो ना, तसे वर जोडायचे." त्यामुळे वडिलांच्या चाराची दोन्ही टोकं वर एकमेकांना टेकायची. शाळेत गुरुजींनी दहादा सांगितलं की चाराचं तोंड उघडं असतं. हरिदासने ऐकलं नाही. त्याचाही चार हात जोडूनच बसायचा.

कामठीच्या छावणीजवळच्या गॅरेजात लष्करी ट्रक उघडत तो कामाला तयार झाला आणि पंचाहत्तर साली, चोविसाव्या वर्षी, मेहुण्याच्या पाठोपाठ वेम्बलीला आला. ईलिंग रोडच्या मागच्या गल्लीत टेरी पर्किस नावाच्या माणसाचं गॅरेज होतं. टेरी आडदांड, बोलका, थोडा तोंडाळ. पहिल्याच दिवशी त्याने हरिदासचा हॅरी करून टाकला. हरिदासने दुरुस्ती केली नाही. दुसऱ्याला अडवून बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

ऐंशी साली टेरीने एक गाडी आणली. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन वैमानिकाकडून घेतलेली, एकोणसत्तर सालची प्लिमथ बॅराकुडा. गर्द हिरवी. स्टिअरिंग डावीकडे, नाक लांबलचक, आणि पोटात आठ सिलिंडरचं इंजिन. ती गल्लीत वळली की पानवाल्याच्या बरण्या थरथरायच्या. बॅराकुडा म्हणजे काय, असं हरिदासने विचारलं. टेरी म्हणाला, मासा असतो, दातवाला. तेव्हापासून हरिदासने तिला मासोळी म्हणायला सुरुवात केली. टेरीलाही ते आवडलं. "हॅरी, आज मासोलीचं ऑइल बदल," असं तो ओरडायचा, आणि आजूबाजूच्या दुकानांतली आपली माणसं हसायची.

मासोळीवर काम करायचा मान फक्त हरिदासचा. आठ प्लग, आठ वायरी. त्या आठही वायरी मागच्या बाजूला एका काळ्या टोपीत जाऊन बसतात. कुठली वायर कुठल्या खोबणीत, याचा क्रम ठरलेला असतो : एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन. हा क्रम हरिदास पाढ्यासारखा म्हणायचा. क्रम चुकला की ठिणगी भलत्या वेळी पडते आणि इंजिन उलटा भडका मारतं. टोपीवर टेरीने पुस्तकात बघून खोबण्यांशेजारी पांढऱ्या रंगाने इंग्रजी आकडे घातलेले होते. वायरींवर मात्र काही नव्हतं. शैला तेव्हा हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. चादरींवर नंबर घालायचं, धुतलं तरी न जाणाऱ्या शाईचं पेन तिच्याकडे असायचं. हरिदासने जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचे आठ तुकडे कापले, त्यावर तिच्या पेनाने आकडे घातले आणि एकेक वायरीला गुंडाळून टाकला. आकडे अर्थातच मराठी. त्यात विचार असा काही नव्हता. इंग्रजीत तो पगार मोजायचा, बसचा नंबर वाचायचा. पण इंजिनावर वाकला की हात मराठीत मोजायचे.

त्याची आणखी एक सवय होती. काम झालं, सगळं घट्ट बसलं, की पिवळ्या रंगाची बारीक रेघ तो जोडावरून ओढायचा. अर्धी रेघ वायरीच्या रबरी बुचावर, अर्धी टोपीवर. नंतर कुणी बूच उपटलं किंवा फिरवलं तर रेघ तुटलेली दिसायची. छावणीतल्या उस्तादाची ही शिकवण. टेरी म्हणायचा, हॅरी गाडीला टिळे लावतोय.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात टेरीच्या मुलीचं, गिलियनचं लग्न ठरलं. नवरी मासोळीतून जाणार हे तर ठरलेलंच. आदल्या दिवशी हरिदासने गाडी पूर्ण तपासली, नवे प्लग घातले, वायरी बसवल्या. चालवून बघितली. मासोळी मांजरीसारखी गुरगुरत होती. मग शेवटी रेघा ओढल्या.

लग्नाच्या दिवशी तो सूट घालून, शैला आणि दोन वर्षांच्या मुलीला, धम्मशीलेला घेऊन टेरीच्या घरासमोर फुटपाथवर उभा राहिला. पांढरी फीत बांधलेल्या बॉनेटमागे टेरी, मागे गिलियन. टेरीने चावी फिरवली आणि हरिदासने कान टवकारले. आवाज चुकला होता. आठांतले दोन सूर बेसूर होते. गाडी खोकली, एक फटका मारला. लोकांना वाटलं, अमेरिकन गाडी, असंच करत असेल. टाळ्या पडल्या. हरिदासला कळत होतं की ही गाडी थांबवायला हवी. फक्त हात वर करायचा होता. पण एवढे गोरे पाहुणे, टोप्या, फुलं, कॅमेरे. तो उभाच राहिला.

पहिल्याच सिग्नलला धडाम आवाज झाला. बॉनेटच्या फटीतून धूर, मग जाळ. कुणी घोंगडी टाकली, कुणी वाळू. दोन मिनिटांत विझलंही. कुणाला काही इजा झाली नाही. गिलियन बेकरीवाल्याच्या व्हॅनमधून पुढे गेली. टेरीने काजळलेल्या इंजिनाकडे एकदा बघितलं, बॉनेट आपटून लावलं आणि धावत आलेल्या हरिदासला सगळ्यांसमोर म्हणाला, "काय करून ठेवलंस हे, हॅरी?"

एवढंच. शिवी दिली नाही, कामावरून काढलं नाही. पुढचे दोन आठवडे ते दोघं एकमेकांशी हवापाण्याचं बोलले. मासोळी ओढून कुठेतरी नेऊन ठेवली गेली. हरिदासने राजीनामा दिला तेव्हा टेरीने खालीच बघत हात मिळवला. नंतर सॉर्टिंग ऑफिस. बस.

काय करून ठेवलं मी? हा प्रश्न हरिदासने स्वतःला किती वेळा विचारला असेल. चार आणि आठ शेजारी येतात, तिथे हात चुकला असेल का? वायरी आपण बसवल्या की बसवल्या असं आपल्याला वाटतंय? सुरुवातीला तो शपथेवर सांगू शकला असता. पाच वर्षांनी तितकं नाही. वीस वर्षांनी त्याला आपण चार-आठ उलटं लावतानाचं स्पष्ट दिसायला लागलं होतं. विहारात वंदनेला बसलं की मध्येच मनात सुरू व्हायचं : एक, आठ, चार, तीन…

गेल्या ऑक्टोबरात, एका रविवारी दुपारी धम्मशीला स्टॅनमोरहून आली. ती तिथल्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. मराठी बोलते, मनापासून बोलते, फक्त तिच्या मराठीत गाड्या पुरुष असतात आणि टेबलं बायका. कोट न काढताच तिने फोन पुढे केला.

"बाबा, हे बघा. समरने दाखवला मला. त्याचा तो जुन्या कार्सचा ग्रुप आहे ना, त्यावर आलाय. हा तुमचा अक्षर आहे ना?"

समर म्हणजे तिचा नवरा. जुन्या गाड्यांचे फोटो बघत बसायचा त्याला नाद. हरिदासने चष्मा लावला. धुळीने माखलेलं इंजिन. काजळी. आणि करपलेल्या कडांची एक चिकटपट्टी, तिच्यावर वर हात जोडून बसलेला चार.

त्याने बोटांनी फोटो मोठा केला.

"ग्रुपवर सगळे भांडतायत," धम्मशीला हसत म्हणाली. "एक म्हणतो, अमेरिकेच्या फॅक्टरीतला इन्स्पेक्टरचा खूण आहे, अजिबात काढू नका. दुसरा म्हणतो वायकिंग लोकांची लिपी. समर म्हणाला, अरे हे तर तुझ्या बाबांच्या कॅलेंडरवर असतात तसले नंबर्स आहेत! बाबा? हा तोच गाडी आहे ना?"

"ती," हरिदास म्हणाला.

"काय?"

"ती गाडी. तीच."

शैलाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. "कुठे आहे म्हणे?"

मासोळी वॉटफर्डला होती, घरांच्या मागच्या रांगेतल्या एका लॉक-अपमध्ये, म्हणजे कुलूपबंद गॅरेजात. एकेचाळीस वर्षं तिथेच. टेरी मार्चमध्ये गेला होता. गिलियन सामान आवरत होती, विक्रीसाठी इंजिनाचे फोटो तिनेच काढले होते. गाडी कुणा उत्तरेकडच्या शौकिनाने घेतली होती आणि शनिवारी तो ट्रक घेऊन येणार होता. घरी नेऊन सगळं सुटं करून एकेक भाग तपासणार होता.

"म्हणजे कुणी खोललीच नाही?" हरिदासने विचारलं. "तेव्हापासून?"

"नाही. तेच तर स्पेशल आहे. अनरिस्टोअर्ड. कुणी हातसुद्धा नाही लावला."

हरिदासने कप बशीत ठेवला. म्हणजे उत्तर तिथे आहे. जसंच्या तसं. शनिवारपर्यंत.

"मला नाही जायचं," तो म्हणाला.

"जायचंय त्यांना," शैलाबाई धम्मशीलेला म्हणाल्या. "कधी नेतेस?"

"शैला, मीच उलट्या लावल्या असतील तर?"

"तर कळेल. निदान मग गॅस तरी एकदाच बघाल."

बुधवारी शाळेला सुट्टी होती. वॉटफर्डच्या वाटेवर हरिदास गाडीत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. धम्मशीलेला वाटलं, गाथा म्हणतायत. मग ऐकू आलं : "गिलियन, त्या दिवसाबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे." परत पहिल्यापासून. "गिलियन, त्या दिवसाबद्दल…"

ते वाक्य म्हणायची वेळ आली नाही. गिलियन लॉक-अपच्या दारातच उभी होती. त्रेसष्ट वर्षांची, आखूड पांढरे केस, पायात रबरी बूट, हातात थर्मास. "हॅरी! तुझे केस कुठे गेले?" ती म्हणाली आणि तो काही म्हणायच्या आत त्याच्या हातात चहाचा पेला होता.

आत मासोळी उभी होती. चारही टायर जमिनीला टेकलेले. हिरवा रंग धुळीखाली राखाडी. मागच्या सीटमधून उंदरांनी कापूस काढून नेलेला. बॉनेटवर लग्नाची पांढरी फीत अजून होती, चहाच्या रंगाची झालेली.

"धुळीला हात लावू नका हं," गिलियन म्हणाली. "त्या माणसाने तीनदा फोन करून सांगितलंय. त्याला धूळसुद्धा ओरिजिनल हवी आहे."

हरिदासला हसू आलं. त्यांच्या काळात गाडी धुळीसकट परत दिली असती तर टेरीने पाना फेकून मारला असता.

फीत न सोडता, हळूच, दोघींनी बॉनेट उचललं. धम्मशीलेने फोनचा उजेड धरला. हरिदास वाकला. एकेचाळीस वर्षांनी पाठ करकरली, पण बोट आपोआप टोपीपाशी गेलं. पांढऱ्या रंगातले टेरीचे इंग्रजी आकडे पुसट, पण दिसत होते. एकच्या खोबणीत एकची पट्टी. बरोबर. पुढची खोबण आठची. तिच्यातल्या वायरीवर चिकटपट्टी होती, आणि पट्टीवर हात जोडून बसलेला चार.

चारच्या खोबणीत आठ.

हरिदास सरळ झाला. बाजूला एक पालथी बादली होती, तिच्यावर बसला.

"बाबा?"

"उलट्याच आहेत," तो म्हणाला. आवाज शांत होता. इतकी वर्षं ज्याची भीती, ते समोर आलं की माणूस उलट शांत होतो. "माझ्याच हातून झालं."

गिलियनला काय चाललंय ते कळेना. धम्मशीलेने तिला थोडक्यात सांगितलं. गिलियनने थर्मास खाली ठेवला. धम्मशीला मात्र फिजिक्सची बाई. तिने उजेड पुन्हा आत धरला आणि वाकून बघत बसली.

"बाबा, हा पिवळा काय आहे? प्रत्येकावर एक लाइन आहे."

"ती माझी रेघ. बसवून झालं की ओढायचो."

"पण या दोघांवर लाइन तुटलाय."

हरिदास उठला. चष्मा पुसला. पुन्हा वाकला. सहा वायरींवर रेघ बुचावरून टोपीवर सरळ उतरत होती, काल ओढल्यासारखी. चार आणि आठपाशी टोपीवर अर्धी रेघ होती आणि तिच्यासमोर बुचावर काहीच नव्हतं. बुचावरची अर्धी रेघ मागे, भिंतीच्या बाजूला तोंड करून बसली होती. दोन्हींची तीच तऱ्हा.

रेघ सगळ्यात शेवटी ओढायची. गाडी चालवून बघितल्यावर. म्हणजे रेघ ओढल्यानंतर कुणीतरी ही दोन बुचं उपटली होती आणि परत लावली होती.

त्याने रेघेवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "गिलियन, लग्नाच्या दिवशी सकाळी गाडीला कुणी हात लावला होता?"

"कुणी म्हणजे? डॅडने," गिलियन म्हणाली. "सहा वाजल्यापासून बाहेर होता. बॉनेट उघडून, हातात पिवळं फडकं. मी वरून ओरडले, डॅड, माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त तू त्या इंजिनाला पुसतोयस. तो म्हणाला, फोटोग्राफर बॉनेट उघडून फोटो काढणार आहे, सगळं चकाकायला हवं." ती थांबली. टोपीकडे बघितलं, मग हरिदासकडे. "त्याने काढल्या असतील? पण तो गाढव नव्हता, हॅरी. नंबर बघूनच लावल्या असतील त्याने."

हरिदास बॉनेटपाशी गेला. बोट टेकवणार, तोच धम्मशीला म्हणाली, "बाबा, धूळ!" पण तोवर बोट फिरलं होतं. राखाडी धुळीत एक हिरवा आकडा उमटला. मांडी घालून बसलेला माणूस, वर जोडलेले हात.

"हे काय आहे?" त्याने गिलियनला विचारलं.

तिने मान तिरकी केली. "एट," ती म्हणाली. म्हणजे आठ.

धम्मशीलेने "ओह" म्हटलं आणि हात तोंडावर ठेवला.

"हा चार आहे," हरिदास म्हणाला. "आमचा चार. माझ्या वडिलांचा."

गिलियन त्या आकड्याकडे वाकली. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोकळं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. "म्हणजे माझ्या लग्नाला आग लावली ती कुणाच्या तरी हस्ताक्षराने?"

हरिदासही हसला. छातीवर ठेवलेलं पोतं कुणीतरी उचलून धक्क्यावर टाकावं, तसं हलकं वाटत होतं. इथेच थांबता आलं असतं. हात चुकले नव्हते, आता घरी जाता आलं असतं. पण गिलियनच्या डोळ्यांत पाणी बघून त्याला राहवेना. गाडीत पाठ केलेलं वाक्य आठवेना, म्हणून तो साधंच बोलला.

"मी फुटपाथवर उभा होतो. टेरीने गाडी सुरू केली तेव्हा आवाज चुकतोय हे मला कळलं होतं. मला हात वर करायला हवा होता. मी केला नाही."

गिलियनचं हसू ओसरलं. "का?"

"लोक होते."

तिने मान हलवली. फितीचं एक टोक बोटात घेऊन ती म्हणाली, "तू हात केला असतास तर डॅडने तुला शिव्या घातल्या असत्या. आणि थांबला नसता."

"तरी करायला हवा होता."

"हो," ती म्हणाली. "करायला हवा होतास." आणि तिने त्याच्या रिकाम्या पेल्यात चहा ओतला. जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "डॅड कुणाला हे बॉनेट उघडू द्यायचा नाही. मी म्हणायचे, नीट करून घे, नाहीतर काढून टाक. तो म्हणायचा, राहू दे. हॅरी कुठे दिसला का, असं मात्र विचारायचा. कळलं असेल का रे त्याला?"

हरिदासने विचार केला. टेरीला इंजिन कळत होतं. पण त्या दिवशी त्याने बघितलं ते क्षणभर, धुरात. "ते मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "मलाही इतकी वर्षं नव्हतंच कळलं."

मग त्याने विचारलं, या दोन वायरी जागेवर लावल्या तर चालेल का. तो माणूस कधीतरी गाडी सुरू करायला जाईल, आणि पुन्हा तेच होईल.

"बाबा, त्यांना सगळा ओरिजिनल पाहिजे," धम्मशीला म्हणाली.

"शनिवारपर्यंत गाडी माझी आहे," गिलियन म्हणाली. "लाव."

बुचं घट्ट बसली होती. हरिदासने ओढली नाहीत, आधी थोडी फिरवली, मग अलगद वर घेतली. चार चारमध्ये. आठ आठमध्ये. दाबल्यावर आतून खट्ट असा छोटा आवाज आला, दोनदा. रेघ ओढायला पिवळा रंग नव्हता. नसू दे, म्हणाला. गिलियनकडून त्याने एक पाकीट मागून घेतलं आणि त्यावर एक ते आठ आकडे मराठीत लिहिले, प्रत्येकासमोर इंग्रजी. खाली इंग्रजीत एक ओळ : 'चार आणि आठ मी बदलले आहेत. कृपया नीट बघून घ्या.' सही करताना पेन थांबलं. मग त्याने पूर्ण नाव लिहिलं, हरिदास तायडे, आणि पाकीट ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं.

परतीच्या वाटेवर धम्मशीलेने विचारलं, "ग्रुपवर काय लिहू मी? अजून भांडतायत ते. आता कोणीतरी म्हणतो, रशियन आहे."

"लिही, तो चार आहे."

"बस? एवढाच?"

"एवढंच," हरिदास म्हणाला.

घरी शैलाबाई दारातच होत्या. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. धम्मशीलाच स्वयंपाकघरात उभं राहून सगळं सांगत होती, हातवारे करत, अर्धं इंग्रजीत. शैलाबाईंनी शेवटी एकच म्हटलं, "आणि पेन माझं होतं."

सिंकचा नळ टपटपत होता. फ्रिजवर प्लंबरच्या नावाची चिठ्ठी होती, शुक्रवार, दहा वाजता. हरिदासने ती वाचली. मग दाराजवळच्या कपाटात वाकला आणि जुन्या बुटांच्या मागून एक पत्र्याचा डबा ओढून काढला. डब्याचं झाकण उघडेना. शैलाबाईंनी चमच्याच्या दांड्याने उचकटून दिलं.

"अहो, पाणी आधी बंद करा. नाहीतर आंघोळ घालाल मला."

"माहीत आहे."

"माहीत असेल. मी सांगून ठेवलं."

वीस मिनिटं लागली. नव्या वॉशरला नळ थोडा कुरकुरला, मग गप्प झाला. हरिदासने पाने पुसून डब्यात ठेवले, हात धुतले, नळ एकदा बंद केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर उघडून बसला.

शैलाबाई पोळ्या लाटत वाट बघत होत्या. तो आता उठेल, मग उठेल. पाच पोळ्या झाल्या. सात झाल्या. बाहेरून पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. शेवटी त्यांनीच लाटणं खाली ठेवलं, हळूच सिंकपाशी गेल्या आणि नळाखाली बोट धरून बघितलं.

कोरडं होतं.